गर्भिणीचे रक्त आणि एक लहानशी गोळी

माळव्याच्या पठारावर इंदूरच्या एका अंगास धार आणि दुसऱ्या अंगास देवास अशी दोन शहरे वसली आहेत. पवारांच्या घराण्यामुळे ही दोन्ही नावे मराठी माणसाच्या कानांना फार दिवसांपासून परिचित आहेत. देवासात तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने एकाच गावात शेजारी शेजारी नांदली. १९४८ साली ही सारी संस्थाने मध्य भारतात विलीन झाली आणि १९५६ साली मध्य भारत मध्य प्रदेशात सामावला. राजवटी पालटल्या, तरी तेथील मराठी घरांतून चोरओटी, डोहाळजेवण आणि बारसे हे कुलाचार टिकून राहिले. शेजारची माळवी कुटुंबे गोदभराई करतात. रीती निराळ्या, पण त्यांमागचा जिव्हाळा एकच. घरात मूल येणार आहे, तेव्हा त्याच्या आईला जपावे, तिला गोडधोड खाऊ घालावे, तिच्या मनासारखे करावे, असे सर्वांनाच वाटते.

हा जिव्हाळा खरा असूनही त्या आईच्या रक्ताकडे मात्र आपले लक्ष बेताचेच असते. २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशातील दर शंभर गर्भवती स्त्रियांपैकी सुमारे त्रेपन्न जणींच्या अंगी रक्त कमी असल्याचे आढळून आले. महाराष्ट्रात हेच प्रमाण शेकडा सुमारे सेहेचाळीस होते. म्हणजे धार-देवासच्या घरांनी पुण्या-नाशिकच्या घरांकडे पाहून लाजावे किंवा पुण्या-नाशिकने धार-देवासकडे पाहून समाधान मानावे, अशी स्थिती नाही. ह्या उण्यावर एक लहानशी गोळी सरकारी केंद्रातून विनामूल्य मिळते. तिच्यात लोह आणि फोलिक आम्ल असे दोन पदार्थ असतात. ती कशासाठी, केव्हा आणि कशी घ्यावयाची, आणि घरात येऊनही ती पुष्कळदा पोटात का जात नाही, हे आज आपल्याला पाहावयाचे आहे.

प्रथम रक्त कमी असणे म्हणजे काय ते पाहू. आपल्या रक्तातील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नावाचे एक द्रव्य असते. फुप्फुसातला प्राणवायू उचलून शरीराच्या कानाकोपऱ्यांत पोहोचविणे हे त्याचे काम. त्याच्या घडणीत लोह लागते. गर्भवतीच्या रक्ताच्या दर शंभर मिलिलिटरमागे हे द्रव्य अकरा ग्रॅमपेक्षा कमी भरले, तर तिला रक्तक्षय आहे असे वैद्यकशास्त्र समजते. सात ग्रॅमच्या खाली ते उतरले, तर प्रकृती गंभीर मानावी लागते. आपल्या आयुर्वेदाने ह्या विकाराला पांडुरोग असे नाव दिले ते त्वचेच्या फिकट रंगावरून, आणि त्यावर लोहाचे कल्पही सांगितले. हे ज्ञान आपल्याकडे जुने आहे. नवे आहे ते मोजमाप. डोळ्याची खालची पापणी ओढून, जीभ किंवा नखे पाहून अंदाज बांधता येतो खरा, पण बोटाच्या टोकातून काढलेल्या रक्ताच्या एका थेंबाची तपासणी अधिक विश्वासाची.

ह्या विकाराचे दुर्दैव असे की, तो गाजावाजा करून येत नाही. ताप नाही, वेदना नाही. जिना चढताना धाप लागते, दुपारी अंग मोडून येते, डोके दुखते, कामात चित्त लागत नाही. घरातली वडील मंडळी म्हणतात, ‘दिवस राहिले की असे व्हायचेच.’ कित्येक जणींना माती, राख किंवा पाटीवरची पेन्सिल खाण्याची इच्छा होते, आणि ती गोष्ट डोहाळ्यांत जमा होते. वास्तविक अशी इच्छा हे पुष्कळदा लोहाच्या तुटीचे चिन्ह असते. तिची चेष्टा करून सोडून देण्यापेक्षा रक्त तपासून घेणे बरे.

आता गर्भारपणातच ही तूट का पडते? शाळेतल्या फळ्यावर मांडावे असे हे गणित आहे. पोटातल्या बाळाला आणि वारेला मिळून सुमारे ३०० मिलिग्रॅम लोह लागते. ह्या काळात आईचे स्वतःचे रक्त जवळजवळ निम्म्याने वाढते, आणि त्या वाढीसाठी सुमारे ५०० मिलिग्रॅम लागते. रोज शरीराबाहेर जो अल्पसा ऱ्हास होतो, त्यापोटी आणखी २०० धरावे. एकंदर बेरीज हजार मिलिग्रॅम, म्हणजे एक ग्रॅम. चिमटीत मावेल एवढेच हे लोह. पण ते अन्नातून मिळवू म्हटले तर काय होते? समजा, पोळी, डाळ आणि भाजी ह्यांतून एका बाईच्या पोटात दिवसाला १५ मिलिग्रॅम लोह गेले. धान्या-भाज्यांतील लोहाचा फारच थोडा अंश, म्हणजे शंभरातले पाचच भाग, शरीर उचलते. दिवसाला पाऊण मिलिग्रॅम. २८० दिवसांचे होतात २१० मिलिग्रॅम. मागणी हजाराची आणि आवक दोनशेची! उरलेले लोह शरीरातल्या साठ्यातून यावे, अशी निसर्गाची योजना आहे. परंतु वयात आल्यापासून दरमहा रक्त गमावणाऱ्या, घरात सर्वांच्या मागून जेवणाऱ्या आणि एका मुलानंतर लगेच दुसऱ्याची चाहूल लागलेल्या बाईपाशी साठा तो कितीसा असणार?

आता दुसरी बाजू मांडू. ह्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. त्यातला दहावा भाग जरी शरीराने घेतला, तरी रोज ६ मिलिग्रॅम मिळाले. १८० दिवसांचे १०८० झाले. मागणी आणि पुरवठा यांचा मेळ बसला. हे आकडे ढोबळ आहेत. प्रत्येकीच्या शरीरागणिक त्यांत फरक पडेल. पण १८० ही संख्या कोणा अंमलदाराच्या लहरीतून निघालेली नाही, एवढे त्यांवरून पटावे. महिनाभर गोळ्या घेतल्या आणि बरे वाटू लागले म्हणून थांबविल्या, तर ती बेरीज अपुरीच राहते.

ही बेरीज अपुरी राहिल्यास काय होते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. प्रसूतीच्या वेळी थोडाफार रक्तस्राव व्हावयाचाच. अंगात रक्त असलेली बाई तो सोसते आणि दोन दिवसांत उठून बसते. जिच्या अंगी मुळातच रक्त नाही, तिच्या जिवावर तेवढाच स्राव बेतू शकतो. बागलीच्या डोंगराळ भागातल्या किंवा कुक्षीकडच्या एखाद्या आडगावातून मोठ्या रुग्णालयात पोहोचावयास किती वेळ लागतो, आणि तेथे पोहोचल्यावर जुळणारे रक्त मिळेलच याचा भरवसा किती, याचा विचार प्रत्येक घराने आधीच केलेला बरा. शिवाय रक्तक्षय असलेल्या आईचे मूल दिवस पुरे होण्यापूर्वी जन्मण्याचा किंवा वजनाने हलके भरण्याचा संभव अधिक. असे मूल स्वतःही लोहाचा अपुरा साठा घेऊनच जगात येते. मग आईची उणीव लेकरात उतरते आणि ती लेक असेल, तर पुढे तिच्याही गर्भारपणापर्यंत पोहोचते.

येथवर लोहाची गोष्ट झाली. परंतु लोह देऊनही न हटणारा एक रक्तक्षय असतो. त्याचे कोडे उलगडण्याची सुरुवात झाली ती आपल्या मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेत, आणि गोळीतला दुसरा पदार्थ त्याच शोधाचे फळ आहे. म्हणून माळव्यातून थोडा वेळ मुंबईस जाऊ.

लूसी विल्स नावाची एक इंग्रज डॉक्टरीण १९२८ साली मुंबईस आली. तिचा जन्म १८८८ सालचा. बाळंतपणात आपल्या देशातल्या बायका एवढ्या संख्येने का दगावतात, ह्याची चौकशी त्या वेळी सुरू होती, आणि डॉ. मार्गारेट बाल्फर यांच्या निमंत्रणावरून ती ह्या कामात पडली. मुंबईतल्या गरीब वस्त्यांत राहणाऱ्या, गिरण्यांतून राबणाऱ्या गर्भवती बायकांत एक भयंकर पांडुरोग दिसून येत असे. सूक्ष्मदर्शकातून पाहता त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी लोहाच्या तुटीत दिसतात तशा लहान न दिसता फुगून मोठ्या झालेल्या दिसत. आरंभी संशय आला तो एखाद्या जंतूचा. तो काही सापडेना. तेव्हा तळपदे, मेहता ह्या सहकाऱ्यांच्या साहाय्याने लूसी विल्सने ह्या बायकांच्या घरची चौकशी आरंभिली. त्या राहतात कशा आणि खातात काय, ह्याची बारीकसारीक नोंद तिने ठेवली. तेव्हा असे दिसले की, ज्यांच्या ताटात दूध, फळे आणि हिरवा भाजीपाला जवळजवळ नाही, त्यांच्यातच हा विकार अधिक. तिने मग प्राण्यांना तसेच निकृष्ट अन्न देऊन पाहिले. अशा अन्नावर आजारी पडलेली माकडे यीस्टच्या अर्काने बरी झाली. हा अर्क विलायतेत मार्माइट ह्या नावाने पावाला लावून खाल्ला जाई. तो स्वस्त होता आणि सहज मिळण्याजोगा होता. बायकांना तो दिला तेव्हा त्याही सुधारू लागल्या. १९३१ साली तिने हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. यीस्टमध्ये नेमका कोणता पदार्थ आहे हे ठाऊक नव्हते, म्हणून जगाने त्याला ‘विल्स घटक’ असे तिचेच नाव दिले.

पुढे दहा वर्षांनी, १९४१ साली, अमेरिकेतील टेक्सस येथे तीन शास्त्रज्ञांनी चार टन पालक उकरून-गाळून त्यातून एक पदार्थ वेगळा काढला. पानातून निघाला म्हणून लॅटिन भाषेतील पानाच्या नावावरून त्याला फोलिक आम्ल म्हटले. १९४५ साली लेडर्ली प्रयोगशाळेतील मंडळींनी तो कृत्रिम रीत्या तयार करून दाखविला. ह्या मंडळींच्या संशोधनाची सूत्रे ज्यांच्या हाती होती, ते येल्लाप्रगडा सुब्बाराव आंध्रातले. मुंबईच्या गिरणी वस्तीत दिसलेल्या रोगाचे औषध अशा रीतीने एका भारतीयाच्या देखरेखीखाली बाटलीत आले. आज माळव्याच्या अंगणवाडीत मिळणारी गोळी हातात घेताना त्या परळच्या बायकांची आठवण ठेवण्यासारखी आहे. त्यांनी आपल्या आजारातून ह्या ज्ञानाची किंमत मोजली आहे.

फोलिक आम्लाचे काम असे की, शरीरात जेथे जेथे नव्या पेशी वेगाने घडत असतात, तेथे त्याची निकड असते. रक्त घडविताना ते लागते, तसेच गर्भ घडविताना त्याहूनही अधिक लागते. गर्भाचा मेंदू आणि पाठीचा मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतात, ती नळी गर्भधारणेनंतर सुमारे अठ्ठाविसाव्या दिवशी मिटून पुरी होते. ती नीट मिटली नाही, तर मुलाच्या पाठीच्या कण्यात उघडी भेग राहते, किंवा कवटी आणि मेंदू अपुरे घडतात. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९९१ साली एका मोठ्या पाहणीचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. असे व्यंग असलेले मूल ज्यांना पूर्वी झाले होते, अशा स्त्रियांनी गर्भधारणेच्या आधीपासून फोलिक आम्ल घेतले, तर ते व्यंग पुन्हा उद्भवण्याचा धोका जवळजवळ तीन-चतुर्थांशाने कमी होतो, असे त्या पाहणीत सिद्ध झाले.

आता येथे आपल्या घरातल्या पंचांगाकडे वळू. मराठी घरात चोरओटी भरली जाते ती तिसऱ्या महिन्यात. तोपर्यंत बातमी सांगावयाची नाही, दृष्ट लागेल, असा समज. डोहाळजेवण बहुधा सातव्या महिन्यात. पण बाळाची ती नळी मिटते पहिल्या महिन्यातच, पुष्कळदा बाईला आपल्याला दिवस राहिले आहेत हे कळण्याच्याही आधी! म्हणजे चोरओटीच्या दिवशी फोलिक आम्लाची पहिली गोळी घेऊ म्हटले, तर त्या एका कामाला फार उशीर झालेला असतो. ज्या जोडप्याने आता मूल हवे असे ठरविले आहे, त्यातील स्त्रीने तेव्हापासूनच रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल घ्यावे आणि पहिले तीन महिने पुरे होईपर्यंत ते चालू ठेवावे, असे शास्त्र सांगते. पूर्वी व्यंग असलेले मूल झाले असेल, तर मात्रा पुष्कळच जास्त लागते. ती डॉक्टरांनीच ठरवून द्यावी. बातमी गुप्त ठेवण्याची रीत कोणाला पाळावयाची असेल, तर तिने ती खुशाल पाळावी. आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेपासून मात्र ती लपवू नये.

लोहाचे वेळापत्रक निराळे आहे. पहिल्या तीन महिन्यांत उलट्या-मळमळीने जीव हैराण असतो आणि लोहाची मागणीही त्या मानाने थोडी असते. म्हणून लोह आणि फोलिक आम्ल यांची जोडगोळी चौथ्या महिन्यापासून सुरू करतात. आपल्या देशात रक्तक्षय टाळण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० साली सुरू झाला. आज ‘अॅनिमिया मुक्त भारत’ ह्या २०१८ सालच्या योजनेनुसार गर्भवतीला तांबड्या रंगाची गोळी देतात. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असते. चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस, असा तिचा क्रम आहे. पहिले तीन महिने संपल्यावर एकदा जंताचे औषधही देतात. अनवाणी शेतात वावरणाऱ्यांच्या पोटातले जंत रक्त पितात, आणि ते जिवंत असताना लोह घालणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे. तपासणीत रक्त कमी निघाले, तर रोज दोन गोळ्या सांगतात. फारच कमी निघाले, तर शिरेतून लोह देणे किंवा रुग्णालयात ठेवणे भाग पडते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांतून गर्भवतींची विनामूल्य तपासणी होते. ती तारीख घरच्या कॅलेंडरावर खूण करून ठेवण्याजोगी आहे.

एवढी व्यवस्था असूनही त्याच सर्वेक्षणाने सांगितले की, देशातल्या दर शंभर मातांपैकी चव्वेचाळीस जणींनीच शंभर किंवा अधिक दिवस गोळ्या घेतल्या. १८० दिवसांचा टप्पा गाठणाऱ्या तर केवळ सव्वीस. कोठे पुरवठा खंडित होतो, हे खरे. त्याचा जाब संबंधितांना विचारलाच पाहिजे. परंतु पुष्कळ गोळ्या घरात येऊन डब्यातच राहतात. त्याची कारणे ऐकून घेतली पाहिजेत. बाई आळशी आहे असे म्हणून भागणार नाही.

पहिले कारण, गोळीने मळमळते, पोट जड होते, मलावरोध होतो. ही तक्रार खोटी नाही. ती पहिल्या काही दिवसांत अधिक असते आणि पुढे ओसरते. रात्री जेवणानंतर तासा-दोन तासांनी, झोपण्यापूर्वी गोळी घेतली, तर त्रास कमी जाणवतो. पाणी, भाजीपाला आणि फळे वाढवावीत. दुसरे कारण, शौचाचा रंग काळा होतो आणि बाई घाबरते. न पचलेल्या लोहाचा तो रंग आहे, त्यात भय नाही. हे गोळी देतानाच सांगितले, तर पुष्कळ गैरसमज टळतील. तिसरे कारण, गोळीने मूल काळे होते किंवा ते फार मोठे होऊन बाळंतपण अवघड होते, असा समज. मुलाचा वर्ण आईबापांच्या वर्णावर अवलंबून असतो. गोळीने मूल राक्षसासारखे वाढत नाही. हलक्या वजनाचे जन्मण्याचे संकट मात्र त्याच्यावरून टळू शकते.

आता अन्नाविषयी. गोळी चालू आहे म्हणून ताटाकडे दुर्लक्ष करावे असे नाही. मेथी, चंदनबटवा, अंबाडी, राजगिरा ह्या पालेभाज्या, मोड आलेले मूग, चणे, तीळ, आणि ज्यांना चालते त्यांच्यासाठी मांस-मासळी, ही सारी उपयोगी. पालेभाजी फार वेळ उकळून तिचे पाणी फेकून दिले, तर फोलिक आम्लही मोरीत जाते. लोखंडी कढईत आणि तव्यावर केलेल्या स्वयंपाकात थोडे लोह उतरते, तेव्हा आजीबाईंच्या कढया मोडीत काढू नयेत. आवळा, लिंबू, पेरू ह्यांच्या आंबटपणातील ‘क’ जीवनसत्त्व लोह पचविण्यास मदत करते. माळव्यातल्या घरोघरी सकाळी पोहे होतात आणि त्यांवर लिंबू पिळतात, ही फारच शहाणपणाची रीत आहे. पण त्याच पोह्यांच्या घासाबरोबर चहाचा कप येतो. चहातला तुरट अंश लोहाला अडवून धरतो. लिंबाने जे दिले ते चहाने काढून घेतले! चहा सोडा असे कोण म्हणेल, आणि म्हटले तरी कोण ऐकेल? तो जेवणानंतर तासा-दोन तासांनी घ्यावा, एवढेच मागणे. तीच गोष्ट दुधाची आणि कॅल्शियमच्या गोळीची. ती अवश्य घ्यावी, परंतु लोहाच्या गोळीपासून किमान दोन तास दूर ठेवून.

देवास आणि धार ह्या दोन जिल्ह्यांत आणखी दोन गोष्टींकडे लक्ष हवे. माळव्यात शाकाहारी कुटुंबे पुष्कळ आहेत. अशांच्या आहारात बी-१२ नावाचे जीवनसत्त्व कमी पडू शकते, कारण ते वनस्पतींत नसते. त्याच्या अभावीही रक्तपेशी फुगतात, आणि केवळ फोलिक आम्ल देत राहिल्यास रक्त सुधारल्याचा भास होऊन मज्जातंतूंची हानी मात्र चालूच राहते. म्हणून गोळ्या नीट घेऊनही रक्त वाढत नसेल, हातापायांना मुंग्या येत असतील, तर डॉक्टरांना बी-१२ विषयी विचारावे. दूध आणि ताक ह्यांतून ते थोडेबहुत मिळते.

धार जिल्ह्यात निम्म्याहून अधिक लोक आदिवासी आहेत. भिल्ल-भिलाला बांधवांत आणि इतर काही समाजांतही सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. त्यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन लवकर फुटतात. ह्या रोग्यांना फोलिक आम्लाची गरज अधिक असते. लोह मात्र तूट आहे की नाही हे पाहून द्यावयाचे, कारण वारंवार रक्त चढविलेल्या माणसाच्या अंगात लोहाचा फाजील साठाही होऊ शकतो. सिकलसेलच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातच, शहडोल येथे, सुरू झाली. तेव्हा ह्या भागातल्या प्रत्येक गर्भवतीने, शक्य तर तिच्या पतीनेही, ही तपासणी करून घ्यावी. तपासणी झाली नाही म्हणून गोळी मात्र थांबवू नये. पुढे काय करावयाचे ते डॉक्टर सांगतील.

ह्याच भागातली कित्येक कुटुंबे हंगाम संपला की मजुरीसाठी गुजरातेत जातात. मराठी घरातली लेक पहिलटकरीण असली की माहेरी येते. कारणे भिन्न, पण परिणाम एकच. बाई एका गावी, नोंदणी दुसऱ्या गावी आणि गोळ्यांची पाकिटे तिसऱ्याच ठिकाणी! निघताना बोचक्यात किंवा ट्रंकेत जे कपडे भरावयाचे, त्यांतच मातेचे आरोग्य-कार्ड आणि निदान दोन महिन्यांच्या गोळ्या ठेवाव्यात. नव्या गावी पोहोचताच तेथील आशा कार्यकर्तीला किंवा अंगणवाडी सेविकेला ते कार्ड दाखवावे.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. साखरेचे लेप दिलेली ही तांबडी गोळी लहान मुलांना खाऊसारखी वाटते. आईला हितकर असणारी ही वस्तू मुलाने मूठभर खाल्ली, तर विषासमान ठरते. म्हणून ती उशाशी किंवा ओट्यावर न ठेवता उंच फडताळात ठेवावी. मुलाने चुकून खाल्ल्याचा नुसता संशय आला, तरी त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

श्रोतेहो, गोळी ज्या बाईच्या हाती पडते, ती बहुधा घरातली सर्वांत गजबजलेली व्यक्ती असते. सर्वांना वाढून, भांडी आवरून, दुसऱ्या दिवसाची तयारी करून ती आडवी होते, तेव्हा स्वतःची गोळी तिच्या ध्यानातून निसटली, तर नवल नाही. औषधाची आठवण हे एकटीचे काम समजू नये. सासूबाईंनी देवापुढे दिवा लावताना कॅलेंडरावर त्या दिवसाची खूण झाली का ते पाहावे. पतीने रात्री पाण्याचा पेला आणि गोळी तिच्या हाती द्यावी. थोरल्या मुलांना आकडे मोजता येत असतील, तर १८० खणांचा एक तक्ता भिंतीवर लावून रोज एक खण रंगविण्याचे काम त्यांना द्यावे. ती ते आनंदाने करतील. आणि घरातल्या सुनेचे, लेकीचे ताट सर्वांच्या मागून न वाढता सर्वांच्या बरोबर वाढावे. त्या ताटात भाजी उरलेली असावी, एवढे पाहिले तरी तिच्या रक्ताला आधार होईल.

डोहाळजेवणाला आपण हौसेने हिरवी साडी घेतो, फुलांची वाडी भरतो, पंचपक्वान्ने करतो. ते सारे अवश्य करावे. त्या दिवशी जमलेल्या बायकांपैकी एखाद्या जाणत्या बाईने उत्सवमूर्तीला हळूच एवढे विचारावे, ‘तुझे रक्त शेवटचे केव्हा तपासले? किती भरले? गोळ्या किती झाल्या?’ ह्या तीन प्रश्नांची उत्तरे जिला तोंडपाठ देता येतील, तिचे बाळंतपण सुखरूप होण्याची आशा आपण अधिक भरवशाने बाळगू शकू.